दोन झाडांच्या जामिनावर

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर कर्जाच्या अर्जावर प्रथम कोठे जाते, असे कोणी विचारले तर मी सांगेन : जामीनदारांच्या सह्यांवर. अर्जदार किती गोड बोलतो, यापेक्षा त्याच्यामागे उभे राहणारे दोघे कोण आहेत, ते किती पाण्यात आहेत आणि वेळ आली तर भार सोसतील काय, हे पाहण्याची सवय अंगी मुरते. निवृत्तीनंतर या सवयीचा काही उपयोग उरणार नाही, असे वाटले होते. परंतु वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी दोन जामीनदार शोधण्याची वेळ माझ्यावरच आली, आणि तीही एका रात्रीच्या झोपेसाठी. ते दोन जामीनदार म्हणजे आंबोलीजवळच्या चौकुळ गावातील जांभळीची दोन झाडे.

तरुणपणी मी आणि माझे काही सहकारी दर हिवाळ्यात चार दिवसांची रजा जुळवून सह्याद्रीत जात असू. चौघांना पुरेल असा एक जड तंबू होता. तो आळीपाळीने पाठीवर घ्यायचा. सायंकाळी जागा साफ करायची, खडे वेचायचे, खुंट्या ठोकायच्या आणि रात्री एकमेकांची कोपरे चुकवीत झोपायचे. त्या दिवसांची गोडी अजूनही गेलेली नाही. परंतु अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी तक्रार नोंदविली. डॉक्टरांनी सांगितले, मांडी घालू नका, जमिनीवर झोपू नका. तंबूत शिरायचे म्हणजे गुडघ्यांवर रांगणे आले आणि या वयात रात्रीतून दोनदा उठावे लागते, म्हणजे तीच कसरत पुन्हा दोनदा. शेवटच्या सहलीत पहाटे तंबूबाहेर पडताना मला दोघांनी धरून उभे केले. कोणी काही बोलले नाही. पण घरी येऊन मी तंबू माळ्यावर टाकला आणि मनाशी म्हटले, हे खाते आता बंद.

ते पुन्हा उघडले पुण्याला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी एक लहानशी पिशवी माझ्या हाती ठेवली. त्यात हॅमॉक होता : पॅराशूटसारख्या तलम नायलॉनची दहा फुटांची झोळी, वर शिवलेली मच्छरदाणी आणि झाडांना बांधण्याच्या दोन रुंद पट्ट्या. सगळ्याचे वजन किलोभरदेखील नव्हते. सौभाग्यवतींनी ती झोळी हातात घेऊन न्याहाळली आणि म्हणाल्या, "अहो, नातवंडांना पाळण्यातून उतरवून आता तुम्ही चढणार का?" मी हसलो, परंतु मनात चौकुळची एक राई उभी राहिली होती.

चौकुळशी माझा संबंध जुना. नव्वदीच्या दशकात सावंतवाडी तालुक्यातील एका शाखेत मी शेतीकर्जे पाहत असे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांतील जमिनींचा प्रश्न त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. तेथे संस्थानकाळापासून कबुलायतदार गावकर पद्धत चालत आलेली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याचे व्यक्तिगत नाव तेव्हा सातबारावर नव्हते. सातबारा नाही म्हणजे जमीन तारण घेता येत नाही. मग कर्ज द्यायचे ते माणसांच्या भरवशावर. अशाच एका शेतकऱ्याचे दोन म्हशींचे कर्ज मी १९९४ साली मंजूर केले होते. दोन शेजारी जामीन राहिले आणि कर्ज मुदतीत फिटले. त्या खातेदाराशी जडलेला स्नेह मात्र फिटला नाही. त्यांच्या घरामागे जांभूळ, अंजनी आणि हिरड्याची गर्द राई आहे. "कवाही या, साहेब," असे ते दरवर्षी म्हणत.

कोल्हापूरहून आजऱ्यावरून आंबोलीकडे निघाले की भोवतालचा रंग हळूहळू बदलत जातो. उसाचे मळे मागे पडतात, रस्त्याच्या कडेने हिरण्यकेशी नदी मधूनमधून भेटत राहते. तिचा उगम आंबोलीलाच एका गुहेत. कोकण हाकेच्या अंतरावर असताना ही नदी पाठ फिरवून पूर्वेकडे जाते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला पोचते. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. या पावसाने घडविलेली भूमी तंबूवाल्याला सोयीची नाही. उघड्या सड्यावर जांभा दगड. त्यात खुंटी शिरत नाही. राईत उतार, उघडी पडलेली मुळे आणि पाचोळ्याखाली ओल. सपाट अशी सहा फूट जागा शोधता शोधता सायंकाळ होते. झाडे मात्र हवी तितकी. जेथे तंबूला नकार मिळतो, तेथे हॅमॉकचे स्वागत होते, हे मला तेथे प्रथम उमगले. त्याला खालची जमीन कशी आहे, याच्याशी कर्तव्यच नसते.

आता त्या पहिल्या रात्रीची हकीकत सांगतो; ती सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो. मी निवडलेल्या दोन जांभळींमधील अंतर जास्त होते. पट्ट्या आखूड पडल्या. मोटारीत नायलॉनची बोटभर जाडीची दोरी होती. ती एका झाडाला गुंडाळून मी हॅमॉक बांधला. झोळी मध्ये लोंबते आहे, हे पाहून मला वाटले की ताण कमी पडला. म्हणून सर्व शक्तीनिशी दोरी ओढून तो खाटेसारखा ताठ केला. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले होते. अंधार पडताच मी आत पडलो आणि एखाद्या अरुंद फळीवर ठेवल्यासारखा डुगडुगू लागलो. तासाभराने, कंटाळून, सरळ न झोपता मी तिरका झालो : डोके थोडे डावीकडे, पाय उजवीकडे. त्याबरोबर पाठ सपाट झाली, गुडघ्यांवरचा ताण गेला आणि शरीराचा भार कोठेच टोचेनासा झाला.

त्यानंतरची रात्र मी विसरणार नाही. तंबूत झोपलेला माणूस अरण्यात असूनही एका खोलीतच असतो. चार भिंती कापडाच्या, इतकेच. येथे भिंत नव्हती. मच्छरदाणीच्या जाळीतून आणि जांभळीच्या पानांतून आकाशाचा एक तुकडा दिसत होता आणि त्या तुकड्यातून मृग नक्षत्र पश्चिमेकडे सरकत होते. दर वेळी जाग आली की ते थोडे पुढे गेलेले असे. दूरवर रातव्याचा एकसुरी आवाज चालला होता. वारा आला की दोन्ही झाडे किंचित हलत आणि त्यांच्याबरोबर मीही. मध्यरात्री उठावे लागले, तेव्हा खुर्चीतून उठावे तसे पाय खाली सोडले आणि उभा राहिलो. कोणी धरावे लागले नाही. त्या अंधारात, वाचकहो, माझे डोळे पाणावले, हे सांगायला हरकत नाही.

सकाळी रानकोंबड्याच्या आरवण्याने जाग आली. यजमान चहाचा तांब्या घेऊन आले. मी झोपेचे कौतुक करू लागलो. ते ऐकत होते. पण त्यांची नजर दोरी बांधलेल्या झाडावर होती. ते झाडाच्या मागल्या बाजूस गेले, खोडावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, झोप तुमका लागली आणि मार झाडाक लागलो."

मी जाऊन पाहिले. जांभळ अजून कोवळी होती. दोरीने रात्रभर घासून तिची साल हातभर लांबीत कातरली होती आणि आतला ओला, फिकट भाग उघडा पडला होता. त्यावर मुंग्या जमल्या होत्या. आयुष्यभर मुंगी चुकवून पाय टाकावा, असे शिकलेल्या घरातला मी. आणि ज्याने मला रात्रभर पेलले, त्याच्याच अंगावर मी घाव घातला होता. यजमानांनी पुढे एक शब्दही काढला नाही. तो न काढलेला शब्द मला अधिक लागला.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. वाणिज्य शाखेच्या माणसाला पदार्थविज्ञान कितपत कळणार. परंतु हे गणित साधे आहे. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक झाडावर झोपणाऱ्याच्या वजनाएवढाच ताण येतो. माझे वजन ७२ किलो. म्हणजे प्रत्येक बाजूस ७२. कोन १५ अंशांवर आणला की हाच ताण सुमारे १४० होतो आणि १० अंशांवर २०० च्या वर जातो. झोळी जितकी ताठ, तितकी झाडांवरची वसुली जबरदस्त. मी खाटेच्या मोहाने दोरी ताणली आणि माझ्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट भार त्या कोवळ्या खोडावर टाकला. तोही बोटभर दोरीतून. झाडाच्या सालीच्या आतील थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत जाते आणि त्याच्या लगत खोड वाढविणाऱ्या जिवंत पेशींचा पातळ पडदा असतो. हे वलय सर्व बाजूंनी कापले गेले, तर झाड उभ्याने वाळते. रुंद पट्टी तोच भार तळहातासारखा पसरून टाकते. ती पेटीत का दिली होती, हे मला तेव्हा कळले.

हॅमॉकचे मूळ शोधू लागलो तेव्हा आणखी गंमत वाटली. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांचा. १४९२ साली कोलंबस तेथे पोचला, तेव्हा तेथील लोक झाडांमध्ये अथवा घरातील खांबांमध्ये बांधलेल्या सुती जाळ्यांत झोपताना त्याच्या खलाशांनी पाहिले. त्या जाळीचे नाव 'हमाका'. ओलसर जमीन, किडे, सरपटणारे जीव यांपासून वर उचलणारी ही शय्या युरोपियन खलाशांनी आपल्या जहाजांवर नेली. जहाज कलले तरी झोळी सरळ राहते, म्हणून माणूस लोळून पडत नाही. ब्रिटिश नौदलात एका खलाशाला झोळी टांगण्यासाठी १४ इंच रुंदीची जागा मिळे. मला मात्र हे वाचताना शिरोळ भागातील आमचे शेत आठवले. भांगलणीला आलेल्या बाया बांधावरच्या कडुलिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधीत आणि तान्हे मूल त्यात निजवीत. जाता-येता एक हिसका द्यायचा की मूल गप्प. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता : हळूहळू झुलणाऱ्या पलंगावर दुपारची झोप घेणारे लोक स्थिर पलंगापेक्षा लवकर झोपी गेले. आमच्या शेतावरच्या बायांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. आणि त्या झोळी बांधीत ती मऊ, रुंद लुगड्याने, काथ्याने नव्हे, हेही माझ्या ध्यानात उशिरा आले.

पुढल्या हिवाळ्यात मी पुन्हा चौकुळला गेलो. या खेपेस जामीनदारांची चौकशी नीट केली. झाड जिवंत आहे ना, मनगटाएवढे नव्हे तर मांडीहून जाड आहे ना, खोडाला पोकळी अथवा वाळवी नाही ना, वर वाळलेली फांदी लटकत नाही ना. अशी फांदी म्हणजे बुडीत जामीनदार. तो नेमका अडचणीच्या वेळी अंगावर येतो. जाहिरातींच्या चित्रांत हॅमॉक नेहमी दोन माडांमध्ये टांगलेला दिसतो. कोकणात कोणीही सांगेल की नारळ लागलेल्या माडाखाली झोपू नये. दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर, पट्ट्या डोक्याच्या उंचीवर, कोन तीस अंशांचा आणि आपण बसलो की बूड खुर्चीच्या उंचीवर : इतके जमले की उरलेले काम झाडे करतात.

थंडीचा धडाही त्याच वर्षी मिळाला. जमिनीवर गारवा खालून येतो, हे ठाऊक होते. पण अधांतरी झोपल्यावर पाठीखालून वारा वाहतो आणि अंगाखाली दबलेली रजई ऊब धरीत नाही, हे नव्हते. आता मी झोळीबाहेरून, तळाला, एक वाकळ सैल लटकवतो. सौभाग्यवतींनी ती माझ्यासाठी जुन्या साड्यांची शिवून दिली. चेष्टा त्यांनी सोडली नाही. पण वाकळीच्या चारही कोपऱ्यांना नाड्या मात्र त्यांनीच, मी न सांगता, लावल्या.

त्या दुसऱ्या मुक्कामात एक गोष्ट मला अधिक जाणवली. सकाळी हॅमॉक सोडला, पट्ट्या गुंडाळल्या आणि मागे पाहिले. रात्रभर मी तेथे होतो, याची खालच्या जमिनीवर खूणच नव्हती. तंबू उचलल्यावर खाली दबलेले गवत आणि चिरडलेले जीव दिसत. ते आम्ही कधी पाहिले नाहीत, कारण घरी परतण्याची घाई असे. येथे पाचोळ्यावर मुंग्यांची रांग माझ्या पाठीखालूनच रात्रभर चालली असावी. सकाळीही ती चालूच होती. आंबोलीची भूमी अशा सूक्ष्म बिऱ्हाडांनी भरलेली आहे. जांभ्याच्या सड्यावरचा एक चिमुकला भेक आंबोलीच्याच नावाने ओळखला जातो. शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ती २००९ साली. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका लहानशा माशाला नदीचेच नाव मिळाले आहे. आपण ज्याला मोकळी जागा म्हणतो, तेथे आधीच कोणी राहत असते. त्यांना न हलवता एक रात्र काढता येते, ही जाणीव आपल्या वाचकांपैकी अनेकांना मोलाची वाटेल.

हॅमॉकचे गुण सांगताना त्याच्या मर्यादा लपविणे योग्य होणार नाही. उघड्या गडमाथ्यावर, जेथे झाड नाही, तेथे तो निरुपयोगी. तेथे तंबूच हवा. पावसात वर कापडाचे छत लागते आणि पट्टीवरून ओघळणारे पाणी झोळीत येऊ नये म्हणून पट्टीला एक दोरा खाली लोंबता बांधावा लागतो. ज्यांना पोटावर झोपण्याची सवय आहे, त्यांना तो मानवत नाही. दोन माणसांनी रात्रभर गप्पा मारीत झोपण्याचे सुख त्यात नाही. मला त्या जुन्या तंबूची आठवण येते, ती त्याचसाठी. आणि परवानगीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अभयारण्यात वनखात्याच्या अनुमतीवाचून मुक्काम करू नये आणि खासगी राईत मालकाला विचारल्याखेरीज एकाही झाडाला हात लावू नये.

गेल्या जानेवारीत पुन्हा गेलो होतो. गेल्या गेल्या मी त्या कोवळ्या जांभळीपाशी जातो; आता तो नेमच झाला आहे. पहिल्या वर्षी घाव काळा पडला होता. दुसऱ्या वर्षी त्याच्या दोन्ही कडांनी सालीचा जाडसर काठ आत सरकू लागला. आता तो काठ जवळजवळ मिटला आहे. मध्ये एक बारीक रेघ राहिली आहे. झाड जखम भरून काढीत नाही, तिच्यावरून नवे लाकूड वाढवून तिला पोटात घेते, असे म्हणतात. म्हणजे ती आत कायमच राहणार. कर्ज फिटले की बँक 'नो ड्यूज'चा दाखला देते. हा दाखला मला मिळण्यातला नाही, हे मी मनाशी मान्य केले आहे.

यजमान आता सत्तरीच्या पुढे आहेत. मी खोडावरून हात फिरवीत असताना ते मागून आले आणि म्हणाले, "आता धरात ती तुमका, साहेब. बांधा." मी नको म्हटले. शेजारच्या दोन मोठ्या झाडांना पट्ट्या लावल्या. संध्याकाळी मी झोळीत बसून पाय हलवीत होतो, ते समोरच्या दगडावर बसले होते आणि आम्ही त्या दोन म्हशींच्या गोष्टी काढल्या. एक किती गुणी होती आणि दुसरी किती लाथाळ, हे.

आपल्यापैकी ज्यांनी गुडघ्यांमुळे रान सोडले असेल, त्यांनी एकदा ही झोळी करून पाहावी. सोबत रुंद पट्ट्या घ्याव्यात, त्या पुरत नसतील तर जवळची झाडे शोधावीत. आणि सकाळी निघण्यापूर्वी खोडाच्या मागल्या बाजूस एकदा जाऊन यावे.